पुराणिक मास्तरांचं नाव

"गाव कोणतं बाई तुमचं?" असं कुणी विचारलं की मी सोलापूर म्हणते. सोलापुरात कुठं, असं पुढं विचारलं की विषय बदलते, नाहीतर विचारणाऱ्यालाच उलटं विचारते, "तुम्हाला कशाला पाहिजे, जेवायला येणार आहात का?" सत्तरी ओलांडली तरी ही खोड गेली नाही. पण आता लिहायलाच बसले आहे तर सांगून टाकते. माझा जन्म तारेच्या आत झाला. गिरण्यांच्या पलीकडे माळावर सरकारने एक वस्ती केली होती. तिच्याभोवती माणसाच्या दीडपट उंचीची काटेरी तार होती, आणि कायदा करून ज्या जातींना जन्मजात चोर ठरवलं होतं त्यांची माणसं त्या तारेत ठेवली होती. आम्ही कैकाडी. माझे आजे-पणजे टोपल्या विणायचे, कणग्या विणायचे, गाढवावर बिऱ्हाड घालून या गावाहून त्या गावाला जायचे. एका जागी राहत नाही म्हणजे चोर, एवढाच काय तो पुरावा. शहरातले लोक त्या वस्तीला सेटलमेंट म्हणत, आम्ही नुसतं 'तार' म्हणायचो. "तारंत किती वर्सं झाली?" "तारंतच जलमलो की."

आमचा दिवस हजेरीवर चालायचा. फाटकाजवळ रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो ठणठण वाजला की मोठ्या माणसांनी पटांगणात रांगेनं उभं राहायचं आणि नाव पुकारलं की 'हाजर' म्हणायचं. गिरणीत जायच्या आधी एकदा, गिरणीतून परत आल्यावर एकदा, आणि मधे वस्तीवरच्या सरकारी साहेबाच्या मनात येईल तेव्हा. आण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचाखात्यात, मागांखाली, झाडायला होते. बोरूसारखी लांब बोटं होती त्यांची, टोपलीचं बूड बांधताना ती अशी चालायची की बघत राहावं, आणि त्या बोटांत दिवसभर खराटा. खिशात पास. पास नसताना तारेबाहेर सापडला तर तुरुंग, आणि पासावरची वेळ टळून गेली तरी तुरुंग. आई घरी असायची. घर म्हणजे पत्र्याची एक खोली, उन्हाळ्यात तव्यासारखी तापायची. आई भल्या पहाटे भाकरी थापायला बसायची, तो थपथप आवाज आणि गिरणीचा भोंगा मला अजून एकदमच आठवतात. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, असलीच तर अंबाडीची भाजी. चटणी ती पाट्यावर वाटायची आणि वाटता वाटता आण्णांना शिव्या द्यायची, साहेबाला द्यायची, आणि कुणीच शिल्लक राहिलं नाही की मला द्यायची. तिच्या हाताला चव होती. ती कुठल्याही बाईनं शिव्या न देता आणून दाखवावी.

आम्हा पोरांना यातलं काहीच वाईट वाटत नव्हतं, हे आज सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. आम्हाला वाटायचं, जगात सगळ्यांनाच तार असते. शहरातल्या विणकरांची त्यांच्या पेठेला असेल, स्टेशनातल्या बाबूची रुळापलीकडं असेल, आणि मोठ्या लोकांची तार फार मोठी, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. माझी मैत्रीण काशी तर शपथेवर सांगायची की कलेक्टरची हजेरी विलायतेत घेतात आणि त्याला रोज बोटीनं जावं लागतं. मी विचारायची, रोज? ती म्हणायची, मग काय, उगंच का एवढा पगार देत्यात! हसू येतं ना? मलाही येतं, आणि मग येत नाही.

तारेत शाळा होती. एक खोली, एक फळा, चाळीस पोरं आणि पुराणिक मास्तर. मास्तर शहरातून रोज चालत यायचे. काळी टोपी, धोतर, कोटाच्या खिशात खडू, आणि हातात कापडात बांधलेला पाण्याचा तांब्या. तो तांब्या खुंटीला टांगलेला असायचा आणि त्याला हात लावायचा नाही, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. माणूस वाईट नव्हता. छडी होती, पण ती फळ्यावर आपटायला. शिकवायची त्यांची एकच तऱ्हा होती, घोकंपट्टी. पाढे असोत, नद्या असोत, नाहीतर शिवाजीमहाराजांचे किल्ले, सगळं एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून ओरडायचं. आवाज मोठा म्हणून सांगणारी मी. शाळा सुटली तरी आमचं ते सुटायचं नाही. पाणी भरताना पाढे, शेण्या थापताना पाढे, हजेरीच्या रांगेत आईबापांच्या पायाशी बसून पाढे. वस्तीतली न शिकलेली म्हातारी माणसंसुद्धा तेविसाचा पाढा झोपेत म्हणायची.

त्या वर्षी आमच्या घरात एकाच गोष्टीचं बोलणं होतं. आण्णांची वागणूक बरी आहे असा शेरा कुणीतरी लिहिला होता, आणि साहेबानं मनात आणलं तर आम्हाला तारेबाहेर खोली घेऊन राहायची परवानगी मिळणार होती. अर्ज गेला होता. आईला सातवा महिना होता. माझ्या पाठीवरची दोन लेकरं तारेतच जन्मली आणि तारेतच गेली, पण सरकारच्या वहीत त्यांची नावं राहिली. मेल्यावरसुद्धा चोरांच्या वहीत. हे आईच्या जिवाला लागलं होतं. ती आण्णांना रोज म्हणायची, "ह्ये लेकरू तारंत जलमाला यायला नको. मी सांगून ठिवते, तारंत आलं तर त्याचं तोंड बघनार न्हाय मी." आण्णा काय बोलणार? ते म्हणायचे, "कागद आला की जाऊ की गं." कागद, कागद आणि कागद. घरात देवाचं नाव निघायचं नाही एवढं कागदाचं निघायचं.

एके दिवशी भूगोलाच्या तासाला मास्तरांनी फळ्यावर आफ्रिका काढली. एखाद्या मोठ्या कानासारखी दिसत होती. कुठल्याशा वर्तमानपत्रात काहीतरी वाचून आले असावेत, कारण आल्यापासूनच तापले होते. म्हणाले, इथं खाली गोऱ्यांचं राज्य आहे. तिथं त्यांनी कायदे केलेत. काळ्या माणसानं वेगळ्या वस्तीत राहायचं, आपल्या हिंदी माणसानं वेगळ्या वस्तीत. रस्त्याच्या कडेच्या फरसबंदीवरून चालायचं नाही, आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसायचं नाही, अंधार पडल्यावर बाहेर दिसायचं नाही. सतत खिशात पास बाळगायचा, शिपायानं मागितला की दाखवायचा. "आणि ऐका," मास्तरांचा आवाज चढला, "आपल्या घरंदाज, व्यापारी माणसांना कचेरीत बोलावून त्यांच्या दहाही बोटांचे ठसे घेतात! दहाही! अरे, चोरांचे घेतात तसे!"

मी हात वर केला. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, म्हणून विचारलं, "मास्तर, तिकडली तार किती उंच हाय?"

"तार? तार नाही गं तिथं."

"मग ती लोकं पळून जात न्हायती का?"

मास्तर काही बोलायच्या आत काशी उठली. "मास्तर, ठसं तर माझ्या बाचं बी हायती. धा." मागून कुणीतरी ओरडलं, "माझ्या आयचं बी!" मग जो तो आपल्या घरातले ठसे मोजायला लागला, जणू घरातल्या शेळ्याच. मला वाटलं, मास्तर खूश होतील, आपल्याला सगळं येतंय. म्हणून मी आणखी पुढं विचारलं, "मास्तर, तुमची हजेरी कुटं घेत्यात?"

"माझी हजेरी घेत नाहीत."

"का वं?"

"मी..." एवढंच म्हणाले. तोंडात मारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. फळ्याकडं वळून त्यांनी हातानंच आफ्रिका पुसली, सगळा खडू बाहीला लागला, आणि शाळा लवकर सोडली. आम्ही आनंदानं ओरडत बाहेर पडलो. मी आज चाळीस वर्षं मुलांना शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. वर्गात त्या देशाच्या कायद्यांचा धडा आला की दरवर्षी एखादं तरी पोर विचारायचं, "बाई, असं कसं करतात माणसं माणसांना?" मला त्या पोराचा हेवा वाटायचा. आम्हाला असला प्रश्नच पडला नव्हता.

दोन दिवस मास्तर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते कागदांची सुरळी घेऊन. कुणा ओळखीच्या वकिलाकडं बसून त्यांनी आमचा, म्हणजे आमच्या जातींवरचा, कायदा उतरवून आणला होता. त्या दिवशी त्यांनी तो आम्हाला समजावून सांगितला. अमुक जातीत जन्मला की चोर, चोरी केलेली असो वा नसो. कोण म्हणतं? कायदा म्हणतो. कायदा कुणी केला? माणसांनी. देवानं नाही, माणसांनी केला, आणि माझ्या आजोबांच्या वेळेपासून तो असाच चालू आहे, आणि मला लाज वाटते मुलांनो, की दोन वर्षं मी या फाटकातून येतो आणि जातो आणि मला तो दिसला नाही. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. आम्ही एकमेकांकडं बघून फिदीफिदी हसलो. मोठा माणूस रडतोय म्हटल्यावर पोरं दुसरं काय करणार?

त्या दुपारी शाळा सुटल्यावर मी वर्ग झाडत होते. चैत्राचं ऊन, पत्रा नुसता कडकड वाजत होता. मास्तर खुर्चीत बसून होते, घाम पुसत होते. अचानक म्हणाले, "सुंदरा, तुमच्या घरी पाणी आहे?" मला समजेना. त्यांचा तांब्या खुंटीला होता, भरलेला. मी तांब्याकडं बोट दाखवलं. ते म्हणाले, "ते नको. तुमच्या घरचं आण." मी धावत गेले आणि आमच्या डेऱ्यातलं पाणी जर्मनच्या गडव्यात घेऊन आले. वाटेत थोडं सांडलंही. मास्तरांनी गडवा तोंडाला लावला आणि खालपर्यंत रिकामा केला. मग तोंड पुसून हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. घरी माझी आई आहे, म्हातारी आहे. तिला कळलं तर अन्नपाणी सोडील ती." मी म्हटलं, "न्हाय सांगत." ते म्हणाले, "शपथ घे." मी म्हटलं, "आयच्यान." आमच्यात आईची शपथ मोडली की आई मरते, यात कुणाला शंका नव्हती.

पुढं मास्तरांची एकच चूक झाली. त्यांनी तो कायदा आम्हाला त्यांच्या नेहमीच्या तऱ्हेनं शिकवला. फळ्यावर प्रश्न आणि उत्तरं लिहिली, मी सांगायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं. "कायदा कोण करतं?" "माणसं करतात!" "जन्मतः चोर कोण?" "कुणीच नाही!" "वाईट कायदा कोण मोडतं?" "माणसंच मोडतात!" वर्गाची खिडकी लावून, आवाज दाबून म्हणायचं असं मास्तरांनी बजावलं होतं. पण घोकलेलं कधी खिडकीत अडकून राहतं का? चार दिवसांत ते आमच्या जिभेवर बसलं, तेविसाच्या पाढ्याच्या शेजारी.

आणि मग ती सकाळ. हजेरी लांबली होती. कुणाचं तरी नाव जुळत नव्हतं, हजेरीबाबू वही उलटसुलट करत होता, माणसं उन्हात उभी होती, भोंगा व्हायची वेळ झाली म्हणून चुळबुळत होती. आम्ही पोरं कडेला. वेळ जाईना म्हणून मी पाढे सुरू केले. बावीस झाला, तेवीस झाला, आणि त्यानंतर आपोआप, माझ्या ध्यानीमनी नसताना, तोंडातून निघालं, "कायदा कोण करतं?" चाळीस पोरं एका आवाजात ओरडली. "जन्मतः चोर कोण?" पोरं पुन्हा ओरडली. रांगेतल्या माना एकेक करून वळल्या. तिसरा प्रश्न मी विचारला तेव्हा पोरांबरोबर दोन-चार बाप्यांचेही आवाज मिसळले. माझ्या अंगावर असा काटा आला की काय सांगू! एवढी मोठी माणसं माझ्या मागून म्हणत होती. आई मात्र पोटाला हात लावून रांगेतून बघत होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. हजेरीबाबूनं वही मिटली. "वा रे वा," तो म्हणाला, "चोर तो चोर वर शिरजोर. ही सांगणारी कुणाची?"

दुपारी हजेरीबाबूनं प्रत्येक पोराला बाजूला घेऊन विचारलं. एकानंही तोंड उघडलं नाही. तारेतलं पोर चालायला लागायच्या आधी एक गोष्ट शिकतं, आपल्या माणसाचं नाव सरकारला द्यायचं नाही. मग साहेबानं आण्णांना बोलावलं, मलाही. हा साहेब गोरा नव्हता बरं का, आपलाच होता, मराठी आमच्याहून शुद्ध बोलायचा. आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. टेबलावरचा एक कागद उचलून आण्णांना दाखवला. "तुझा अर्ज. सही राहिलीय फक्त. सोमवारी सकाळी तुझी मुलगी इथं येईल आणि हे कुणी शिकवलं ते सांगेल. शाळेत बाहेरचं कोण येऊन बोलतंय की मास्तरच बोलतोय, हे मला कळायला पाहिजे. तिच्या तोंडून."

"सायब, लेकरू हाय वो."

"लेकरू आहे म्हणूनच खरं सांगेल. नाही सांगितलं तर अर्ज परत. मग पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी! आईला आठवा लागायला आठ दिवस होते.

आण्णा एकट्यानं ठरवू शकत नव्हते. नाव दिलं असतं तर पंचांनी आम्हाला वाळीत टाकलं असतं, मग तारेबाहेर जाऊन तरी कुणाच्या दारात उभं राहणार? म्हणून रविवारी, गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी, आण्णांनी पंच बसवले. लिंबाच्या झाडाखाली पाच म्हातारी माणसं, मधे येल्लाप्पा तात्या. तात्यांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं, पण दुसऱ्यानं जे बघायचे ते आरपार. आण्णांनी सगळं सांगितलं, अर्ज सांगितला, आईचे दिवस सांगितले. बायकांना पंचांत बोलता येत नाही, तरी आई मागून बोललीच, "मास्तरानं माझ्या पोरीला अक्षर दिलं. त्याचं वाईट करू नगा." मला त्या क्षणी आईचा इतका राग आला! लेकरू बाहेर जन्मावं म्हणून सहा महिने जीव खाल्लास, आणि आता हे?

पंचांत वाद झाला. एक म्हणाला, मास्तर आपल्यासाठी बोलला. दुसरा म्हणाला, बोलला आणि संध्याकाळी फाटकातून घरला गेला, मागं मार खायला आपण. बराच वेळ असं चाललं. शेवटी तात्यांनी हात वर केला. "आपल्या मानसाचं नाव द्यायचं न्हाई, ह्यो आपला कायदा. त्यो मोडायचा न्हाई. पन मास्तर आपला हाय का, येवढंच बघायचं. आपल्यात आपला कोन? ज्यानं आपलं पानी घेतलं त्यो आपला. मग त्यो बामन असू दे न्हाईतर कलेक्टर." मग त्यांनी तो एक डोळा माझ्यावर लावला. "पोरी, तू शाळंत असतीस. मास्तरानं कवा आपलं पानी घेतलं का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी आईकडं बघितलं, तिच्या पोटाकडं बघितलं.

"न्हाय," मी म्हणाले. "कवाच न्हाय. त्येंचा तांब्या येगळा असतो."

"मग झालं," तात्या म्हणाले. "मास्तर परका. नाव द्या."

साठ वर्षं झाली या गोष्टीला. मी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे, तू खोटं का बोललीस? आईची शपथ होती, खरंच होती. मास्तरांच्या म्हाताऱ्या आईचा जीव होता, तेही खरं. मुलीची जात, पंचांसमोर भ्याली, असंही म्हणता येईल. पण मी आता ज्या वयाची आहे त्या वयात स्वतःशी खोटं बोलण्यात काही राम नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं शपथ नव्हती, कुणाची म्हातारी आई नव्हती. साहेबाच्या टेबलावरचा तो कागद होता. 'घेतलं' म्हटलं असतं तर मास्तर आपले ठरले असते आणि आम्ही तारेत राहिलो असतो. मला बाहेर जायचं होतं. बाहेरच्या माणसाची हजेरी घेत नाहीत हे मला त्या मास्तरांनीच सांगितलं होतं.

सोमवारी कचेरीत मास्तर आधीच भिंतीला टेकून उभे होते. त्यांना बोलावलेलं असेल हे आम्हाला माहीत नव्हतं. आण्णांनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही. साहेबानं विचारलं, "कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "पुराणिक मास्तरांनी." साहेब म्हणाला, "मोठ्यानं." मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मास्तर म्हणाले, "मुलगी खरं सांगते आहे. मीच शिकवलं, आणि त्यात चुकीचं काही नाही." साहेबानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. मला 'शाबास' म्हणून एक बत्तासा दिला. तो मी तिथंच खाल्ला. गोड लागला, हेही लिहून ठेवते. फाटकावर शिपायानं मास्तरांचा आत यायचा पास काढून घेतला, आणि आमच्या माणसांची घेतात तशी त्यांची झडती घेतली. खिशातून खडूचे दोन तुकडे निघाले, तेही सरकारचे म्हणून ठेवून घेतले. पोरं फाटकाशी जमली होती. मीही त्यांत होते. 

आठ दिवसांत आम्ही बाहेर आलो. स्टेशनच्या बाजूला एका मुसलमान म्हातारीच्या आवारात खोली मिळाली, आणि तिथं माझा भाऊ जन्मला. त्या म्हातारीनंच आईचं बाळंतपण केलं, "अरे वा, शेर आया," असं ओरडून सगळं आवार गोळा केलं. आई हसली. तशी हसताना मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही, म्हणून ते हसू माझ्या लक्षात आहे. पाचव्या दिवशी पोलीस आला. बाहेर राहणाऱ्यांची वेगळी वही असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आईला विचारलं, "नवीन पोर? नाव काय ठेवलं?" आई बाळंतिणीच्या बाजेवर पडून होती. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. नाव आण्णांनी सांगितलं, आणि त्यानं ते लिहून घेतलं.

दोन-तीन वर्षांनी मास्तर मला दिसले. टपालकचेरीबाहेर लोकांची पत्रं लिहून द्यायला बसणारी माणसं असतात ना, त्यांत ते होते. पुढ्यात दौत, डोक्याला तीच काळी टोपी, आता कडेला विटलेली. पुढं कुठल्याच शाळेनं त्यांना घेतलं नव्हतं. मी दुरूनच परत फिरणार होते, पण त्यांनी हाक मारली. "सुंदरा ना तू? ये, ये." माझी चौकशी केली, भावाची केली, शाळेत जातेस ना विचारलं. मी नुसती मान हलवत होते. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तुझे आभार मानायचे राहिले होते बघ. पंचांनी तुला काय विचारलं ते मला काशीच्या वडिलांनी सांगितलं. पाणी घेतलं नाही म्हणालीस. शब्द पाळलास, एवढ्या मोठ्या माणसांपुढं. माझी आई गेल्या साली गेली, शेवटपर्यंत तिला कळलं नाही. नाहीतर माझ्या हातचा घोट न घेता गेली असती. फार उपकार केलेस, पोरी." आणि त्या माणसानं, माझ्या बापाच्या वयाच्या माणसानं, मला हात जोडले.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मास्तर, ते शब्द पाळायला नव्हतं, मी तुम्हाला विकलं, असं दोन वाक्यांत सांगून होण्यासारखं होतं, आणि मला बोलता येत होतं, त्यांनीच शिकवलं होतं. मी मान डोलावली आणि निघून आले. सरकारनं आमच्या कुळाला पिढ्यान्‌पिढ्या चोर म्हणून लिहिलं. मी कधी कुणाच्या काडीला हात लावला नाही. पण त्या दिवशी त्यांचे ते आभार मी घेतले, आणि ते माझे नव्हते.